‘हरित संश्लेषण’ : यात हिरवे काय आहे?

प्रश्न : दात किडण्यास कारणीभूत होणाऱ्या जीवाणूंवरील एका लेखाचा अनुवाद करताना मी ‘हरित-संश्लेषित नॅनोकण’ असा शब्द योजला. मसुदा वाचणाऱ्या मैत्रिणीने हे कण हिरव्या रंगाचे असावेत आणि वनस्पतीच्या पानात प्रकाशसंश्लेषणातून तयार होत असावेत, असा अर्थ घेतला. येथे कोणता शब्द योग्य ठरेल? तसेच, शास्त्रीय लेखनात ‘कीड’ म्हणावे का?

उत्तर : मैत्रिणीने लावलेला अर्थ स्वाभाविक आहे, कारण शाळेपासून आपल्या मनात ‘संश्लेषण’ हा शब्द हिरव्या पानाशी जोडला गेलेला आहे. प्रत्यक्षात कडुनिंबाच्या किंवा तुळशीच्या पानांचा अर्क सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिसळला, की अर्कातील फिनॉलवर्गीय द्रव्ये चांदीच्या आयनांचे क्षपण करतात, म्हणजे त्यांना इलेक्ट्रॉन देऊन त्यांची धातुरूप चांदी करतात, आणि जे कण तयार होतात ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून अर्कातीलच काही द्रव्ये त्यांच्याभोवती आवरण धरतात. हे घडू लागल्याची पहिली खूण म्हणजे द्रावण पिवळसर आणि मग तपकिरी होते. हिरवे होत नाही. ‘हरित’ हे विशेषण घातक रसायने टाळणाऱ्या पद्धतीचे आहे. पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर या रसायनशास्त्रज्ञांनी १९९८ साली हरित रसायनशास्त्राची जी बारा तत्त्वे मांडली, त्यांच्याशी त्याचे नाते आहे. म्हणून विशेषण पद्धतीला जोडून ‘हरित पद्धतीने तयार केलेले चांदीचे नॅनोकण’ असे लिहावे. शब्द वाढतात, पण अर्थ घसरत नाही. कण कशाचे आहेत हे सांगणेही मला आवश्यक वाटते, कारण जस्ताच्या ऑक्साइडचे कणही याच रीतीने तयार करतात.

‘नॅनो’साठी ‘अब्जांश’ हा प्रतिशब्द अर्थाला नेमका आहे, कारण एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, आणि हे कण साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटरचे असतात. तरीही ‘नॅनोकण’ आता रुळला आहे. तो बदलण्याचा आग्रह मी धरणार नाही.

‘कीड’ या शब्दाबाबत मात्र अधिक काळजी घ्यावी. सुश्रुतसंहितेत या रोगाला ‘कृमिदन्तक’ म्हटले आहे, आणि रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातील किडे बाहेर काढण्याची समजूत आपल्याकडे दीर्घकाळ होती. दातात किडा नसतो. १८९० साली विलोबी मिलर या दंतवैद्यांनी तोंडातील सूक्ष्मजीव पिष्टमय व गोड पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात झिजवते, हे मांडले. पुढे १९२४ मध्ये किलियन क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून ‘स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स’ हा जीवाणू वेगळा केला. रोगाला ‘दात किडणे’ किंवा ‘दंतक्षय’ म्हणावे, पण ‘नॅनोकण कीड मारतात’ असे लिहू नये. मरतात ते जीवाणू, आणि एकदा पडलेला खड्डा त्यामुळे भरून येत नाही.

पुन्हा प्रश्न : मग या कणांना ‘प्रतिजैविक’ म्हणता येईल का?

उत्तर : म्हणू नये. मराठीत ‘प्रतिजैविक’ हा शब्द पेनिसिलिनसारख्या औषधांसाठी स्थिरावला आहे. जीवाणू मरत असतील तर ‘जीवाणुनाशक’, आणि केवळ त्यांची वाढ थांबत असेल तर ‘जीवाणुरोधक’ असे लिहावे. मूळ लेखात यांपैकी कोणता परिणाम मोजला आहे, ते पाहूनच शब्द निवडावा.