कन्सोलच्या किमतीत तेवढ्याच ताकदीचा पीसी खरंच बसतो का?

अर्धवट_लेव्हल

मंडळी, प्रश्न जुनाच आहे पण मला अजून धड उत्तर मिळालेलं नाही. माझ्याकडे ऑफिसने मोडीत काढलेला एक पीसी आहे, चौथ्या जनरेशनचा आय५, ८ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही, सोबत १०८०पी मॉनिटर. आत्तापर्यंत त्यावर जुने गेम ओढले, पण आता नवीन काही म्हणजे काहीच चालत नाही. सोनीचा प्लेस्टेशन ५ (पीएस५) हा गेम खेळायचा कन्सोल घ्यायचं जवळजवळ ठरलंच होतं तेवढ्यात एक मित्र म्हणाला वेडा का तू, त्याच पैशात पीसी बनव, गेमिंग पण होईल आणि बाकीची कामं पण. दुसरा म्हणतो त्या पैशात नुसतं कार्ड आणि बोर्ड येईल, बाकी काय हवेत लटकवणार? यूट्यूबवर बघावं तर जो तो आपल्या सोयीचा हिशेब मांडतो, एकजण सेकंडहँड कार्डची किंमत धरतो, दुसरा कॅबिनेट, कीबोर्ड, विंडोज मोजतच नाही.

मी मुख्यतः स्टोरीवाले गेम खेळतो, एक गेम महिनाभर पुरवून पुरवून, आणि घरी भाऊ आला की फुटबॉल. ऑनलाइन जवळपास शून्य. कन्सोल एवढ्या स्वस्तात देतात कसे आणि ते पैसे नंतर कुठून काढतात हे कुणी नीट सांगेल का? फॅनबॉय भांडण नको प्लीज.

सोल्डरगन

आधी स्वस्त का ते सांगतो. पीएस५ मध्ये सीपीयू (मुख्य प्रोसेसर) आणि जीपीयू (ग्राफिक्सचा प्रोसेसर) एकाच चिपवर आहेत, एएमडी या चिप कंपनीचे झेन २ डिझाइनचे ८ कोअर (वेगवेगळी कामं एकाच वेळी करणारे भाग) आणि आरडीएनए २ डिझाइनचा ३६ कंप्युट युनिटचा (आतले गणित करणारे गट) जीपीयू, आणि दोघांना मिळून एकच १६ जीबी जीडीडीआर६ (ग्राफिक्ससाठीची वेगवान) मेमरी. पीसीत काय होतं, सीपीयूची रॅम वेगळी आणि कार्डची मेमरी वेगळी, म्हणजे तू १६ जीबी रॅम घेतोस आणि वर ८ जीबी असलेलं कार्ड घेतोस, शिवाय दोघांमधली ने-आण वेगळीच. कन्सोलवाल्याचा एक बोर्ड, एक कूलर, एक पॉवर सप्लाय, आणि ऑर्डर कोटींच्या घरात. तू आणि मी प्रत्येक पार्ट सुटा घेतो, प्रत्येक पार्टवर बनवणाऱ्याचा नफा वेगळा, विकणाऱ्याचा वेगळा.

दुसरं म्हणजे ते हार्डवेअरवर कमवायलाच बसलेले नाहीत. २०२१ मध्ये गेम कंपनी एपिक विरुद्ध ॲपल या खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्यांनी साक्षीत सांगितलं होतं की एक्सबॉक्स कन्सोलच्या विक्रीवर कंपनीला कधीच नफा झालेला नाही. सोनीनेही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगितलं की ४९९ डॉलरचा पीएस५ आता तोट्यात जात नाही, म्हणजे त्याआधी जात होता. वसुली होते गेममधून, कन्सोलच्या ऑनलाइन दुकानात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक डिजिटल गेमवर साधारण ३० टक्के प्लॅटफॉर्मला. प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग असते ना, तसंच.

आता तुझ्या मित्राचा हिशेब. आरटीएक्स ५०६० या ग्राफिक्स कार्डची जाहीर किंमत २९९ डॉलर. पीएस५ अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये ५४९ झाला. उरले २५०. त्यात प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस (पॉवर सप्लाय), कॅबिनेट, विंडोज... बसव बघू. २०२५ च्या शेवटी एआय डेटा सेंटरवाल्यांनी रॅमचं मार्केट पिळून काढलं त्यानंतर तर विचारूच नकोस. सगळं नवं घेऊन त्याच किमतीत बसत नाही, विषय संपला. पीसीवाले चिडतील, चिडू देत.

कीबोर्डप्रेमी

चिडलो नाही पण अर्धंच सांगितलंस की राव. पहिल्या दिवशीची किंमत बघून कोण घेतं? पीएस प्लसचा (प्लेस्टेशनवर ऑनलाइन खेळायला लागणारी वर्गणी) सगळ्यात खालचा वर्षाचा प्लॅन २०२३ मध्ये ७९.९९ डॉलर झाला. पाच वर्षं भरला तर ४०० डॉलर, म्हणजे पीएस५ ची डिजिटल (डिस्क ड्राइव्ह नसलेली) एडिशन २०२० ला जेवढ्याला आली होती तेवढे! आणि हे कशासाठी, तर स्वतःचं इंटरनेट वापरून स्वतः विकत घेतलेला गेम मित्रासोबत खेळायला. पीएस३ वर हे फुकट होतं, पीएस४ पासून सुरू झालं. पीसीवर असलं काही नाही. एक्सबॉक्सचा गेम पास अल्टिमेट (गेम खेळायची महिन्याची वर्गणी) तर ऑक्टोबर २०२५ मध्ये महिना २९.९९ वर गेला.

आणि पूर्वी कसं होतं, कन्सोल जुना झाला की उतरायचा. पीएस२ २९९ ला आला आणि २००२ मध्ये १९९ झाला, पीएस३ २००६ ला ५९९ पर्यंत होता आणि २००९ ला स्लिम २९९ ला मिळायला लागला. या पिढीत उलटंच. एक्सबॉक्स सीरिज एक्स ४९९ ला आला, २०२५ मध्ये आधी ५९९ आणि मग ६४९. पाच वर्षं जुनं मशीन दीडशे डॉलरने महाग! थांबलो तर स्वस्तात मिळेल हे गणितच मोडलंय. पीएस५ प्रो बघ, ६९९ ला आला आणि त्यात डिस्क ड्राइव्ह पण नाही, ती वेगळी घ्या. त्या पैशात पीसी बराच जवळ येतो.

शिवाय वीस वर्षांपूर्वीचे गेम माझ्या पीसीवर अजून चालतात, थोडी खटपट करावी लागते पण चालतात. पीएस३ ची डिस्क पीएस५ मध्ये घालून बघ.

डिस्कवाला

कीबोर्डप्रेमी, तो वर स्पष्ट लिहितोय की ऑनलाइन खेळत नाही, मग ते ४०० डॉलर त्याच्या माथी कशाला मारताय? भावासोबत एकाच स्क्रीनवर खेळायला प्लस लागत नाही. फोर्टनाइटसारख्या फुकट गेमना पण लागत नाही.

डिस्कचा विषय तर कुणी काढलाच नाही. एक गेम महिनाभर खेळणारा माणूस आहे हा. नवा गेम ७० डॉलर, डिस्क घेतली, संपवली, विकली किंवा अदलाबदल केली. पीसीवर घेतलेला गेम जन्मभर तुझ्याच लायब्ररीत पडून, कुणाला विकता येत नाही. स्टीमचे (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) सेल भारी असतात मान्य आहे, पण सेल आता प्लेस्टेशन स्टोअरवर पण सारखे लागतात. फक्त ड्राइव्हवाला पीएस५ घे, चार पैसे वाचवायला डिजिटल घेशील आणि पुढे त्याच्या दुप्पट घालवशील.

अजून एक, वाट बघायची तयारी आहे का? जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ ला आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ ला. सोनीचे स्टोरीवाले गेम पण पीसीवर आले ते मागून, गॉड ऑफ वॉर (२०१८ वाला) जानेवारी २०२२ ला आला.

सोल्डरगन

किंमत झाली, आता परफॉर्मन्सचं. टेराफ्लॉप्स (चिप सेकंदाला किती गणितं करू शकते त्याचा आकडा) बघून तुलना करू नकोस, त्यासारखी फसवी गोष्ट नाही. पीएस५ चे १०.२८, सीरिज एक्सचे १२, आणि आरटीएक्स ३०६० कार्डचे कागदावर जवळपास १२.७, तरी ३०६० काही पीएस५ ला मागे टाकून पळत नाही, बऱ्याच गेममध्ये दोघं आसपासच असतात. वेगवेगळ्या आर्किटेक्चरचे (चिपच्या रचनेचे) आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. पीएस५ च्या सगळ्यात जवळचं कार्ड म्हणजे आरएक्स ६७००, त्यातही ३६ च कंप्युट युनिट.

कन्सोलवर जे ४के लिहिलेलं असतं ना ते पण जपून घे. क्वालिटी मोड म्हणजे बहुतेक वेळा सेकंदाला ३० फ्रेम्स, परफॉर्मन्स मोड म्हणजे ६०, पण आतलं रिझोल्युशन बरंच खाली आणून मग अपस्केल केलेलं, म्हणजे ताणून मोठं केलेलं. जड गेममध्ये लांबची झाडं, जाळीचं कुंपण, पात्राचे केस यांच्याकडे बघ, कॅमेरा फिरवला की शिरशिरतात. इथे एनव्हिडियाचं डीएलएसएस (एआयने चित्र मोठं आणि स्वच्छ करणारं तंत्र) उजवं आहे, त्यामुळे कागदावर बरोबरीचं कार्ड पण डोळ्याला जास्त स्वच्छ दिसतं. पीएस५ प्रो मध्ये सोनीने पीएसएसआर हे तसंच तंत्र आणलं ते यासाठीच.

पण उलट बाजू पण आहे. कन्सोल एकच ठरलेलं हार्डवेअर, त्यामुळे शेडर (जीपीयूवर चालणारे, चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) आधीच कंपाइल करून, म्हणजे चिपच्या भाषेत बदलून, गेमसोबत येतात. पीसीवर प्रत्येकाचं कार्ड वेगळं, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) वेगळा, मग ते काम तुझ्या मशीनवर होतं. एक तर गेम सुरू करताना टक्केवारी सरकत बसते आणि तू बघत बसतोस, नाहीतर गेमने ते आधी केलंच नाही तर पहिल्यांदा स्फोट झाला की फटकन अर्धा सेकंद अडकतं, दुसऱ्यांदा तोच स्फोट अगदी लोण्यासारखा. ॲव्हरेज एफपीएसच्या (सेकंदाला किती फ्रेम्स) तक्त्यात हे दिसतच नाही. द लास्ट ऑफ अस पार्ट १ मार्च २०२३ मध्ये पीसीवर आला तेव्हाची बोंबाबोंब आठवत असेल, ८ जीबीच्या कार्डवाल्यांचे हाल झाले होते. नंतर पॅचने सुधारला, पण पहिल्या आठवड्यात घेणारे गिनिपिग झालेच.

अर्धवट_लेव्हल

एवढं कुणीच सांगितलं नव्हतं, थँक्स सगळ्यांना. मग एक मधला मार्ग विचारतो, हसू नका. आहे त्याच पीसीत एखादं कार्ड टाकलं तर? म्हणजे कन्सोलपेक्षा बरंच कमी पैशात काम होईल.

जुनाट_एसएमपीएस

हसत नाही, सगळ्यांच्या डोक्यात हे येतंच. कॅबिनेट उघड आणि आधी एसएमपीएस बघ. ऑफिसच्या मशीनमध्ये बऱ्याचदा २४० ते ३०० वॉटचा असतो, कार्डला लागणारी ६ किंवा ८ पिनची वायरच त्यातून निघत नाही, आणि बदलायला जावं तर आकार वेगळा, बोर्डचा कनेक्टर पण स्टँडर्ड २४ पिनचा नाही. मग उरतात फक्त स्लॉटमधून करंट घेणारी कार्डं, ७५ वॉटच्या आतली. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं मॉडेल ७० वॉटमध्ये भागवतं. कॅबिनेट सडपातळ असेल तर त्यातही अर्ध्या उंचीचं शोधावं लागेल.

समजा बसलं. तरी चौथ्या जनरेशनचा आय५ म्हणजे ४ कोअर ४ थ्रेड (एका वेळी चारच कामं), २०१३-१४ चा माल. आत्ताचे मोठे गेम कन्सोलचे ८ कोअर गृहीत धरून बनतात. कार्ड रिकामं बसेल आणि सीपीयू शंभर टक्क्यांवर धापा टाकेल, गर्दीच्या जागी गेलास की फ्रेम्स वीस-पंचवीसवर. रॅम पण १६ करावी लागेल. वर विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढे. २०१५-१६ पर्यंतचे गेम खेळायचे असतील तर जरूर टाक, मजेत चालतील. नवीन गेमसाठी या मशीनमध्ये एक रुपया घालू नकोस.

कीबोर्डप्रेमी

हे मात्र खरं, मी पण या पीसीत पैसे घाल म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की ज्याला व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी, कोडिंग असलं काही करायचंय आणि पीसी तसाही घ्यायचाच आहे, त्याने हिशेबात फक्त कार्डची किंमत धरावी, बाकी मशीन कामासाठी येतंच आहे. तिथे कन्सोल हरतो. अर्धवट_लेव्हल, तुला असलं काही काम आहे का? की मित्र म्हणाला म्हणून?

अर्धवट_लेव्हल

खरं सांगायचं तर मित्र म्हणाला म्हणून 😅 माझी कामं म्हणजे बिलं भरणं आणि मेल बघणं, ती आहे त्या पीसीवर होतात. ड्राइव्हवाला पीएस५ च घेतो. १०८०पी मॉनिटरवर वाया नाही ना जाणार?

डिस्कवाला

वाया कशाने जाईल, ६० फ्रेम्सचा मोड लाव, १०८०पी वर छानच दिसतो. २०२२ पासून १४४०पी पण चालतं, पुढे मॉनिटर बदललास तर. फक्त मॉनिटरला एचडीएमआय आहे का बघ, आणि स्पीकर आहेत का ते पण बघ, कारण पीएस५ ला ऑप्टिकल आउट (आवाजाची वेगळी वायर जोडायची जागा) नाही आणि हेडफोनचं भोक कन्सोलवर नसून कंट्रोलरवर आहे. एकटा असशील तेव्हा हेडफोन त्यातच घाल. भाऊ आला की मॉनिटरच्या मागे ऑडिओ जॅक असेल तर त्याला साधे स्पीकर लाव, नसेल तर यूएसबीवाले बघ. आणि दुसरा कंट्रोलर बजेटमध्ये आत्ताच धर, फुटबॉल म्हणालास ना.