कृष्णा रेड्डींची मुद्राचित्रं पुस्तकात: उठाव दाखवायचा की रंग?

तिरपा_उजेड:
कृष्णा रेड्डी या भारतीय मुद्राचित्रकाराच्या व्हिस्कॉसिटी मुद्राचित्रांचं (शाईच्या घट्ट-पातळपणावर एकाच पत्र्यावरून अनेक रंग काढायची पद्धत) पुस्तक करायचं तर सपाट प्रकाशातले फोटो वापरू नयेत. 'व्हर्लपूल' (१९६३) घ्या. धातूचा पत्रा वेगवेगळ्या खोलीपर्यंत अम्लानं आणि हत्यारांनी कोरलेला. खोल रेषांत शाई भरून वरून पुसायची. मग जवसाचं तेल जास्त घातलेली पातळ शाई कडक रुळानं वरच्या पातळीवर, आणि त्यानंतर घट्ट शाई मऊ रुळानं खळग्यांत. तेलकट शाईवर घट्ट शाई धरत नाही, त्यामुळे रंग कालवले न जाता शेजारी शेजारी राहतात. ओलसर कागद एकाच दाबात हे सगळं उचलतो आणि स्वतः खळग्यांत दबून उठाव घेतो. हा उठाव गेला की उरतं ते रंगीत पोस्टर.
माझी पद्धत: एक फोटो दोन्ही बाजूंनी ४५ अंशांच्या दिव्यांत, दुसरा एकाच बाजूच्या सुमारे २० अंशांच्या दिव्यात. दुसऱ्याचा फक्त उजेड-अंधार पहिल्यावर २०-२५ टक्के चढवायचा.

शाईगडद:
साफ असहमत. तिरप्या दिव्याची सावली छपाईत काळ्या शाईच्या प्लेटवर जाते आणि वाचक ती कोरलेली रेष समजतो. मूळ पत्र्यावर नसलेली रेष पुस्तकात आली, याला प्रामाणिकपणा कसं म्हणायचं? शिवाय तुमचं ते मिश्रण कुठल्याच खोलीतल्या उजेडात दिसत नाही.
दिव्यांवर पोलरायझर (एकाच दिशेत कंपणारा उजेड सोडणारी गाळणी), लेन्सवर त्याला ९० अंशांत दुसरा. शाईची चकाकी मरते, रंग स्वच्छ मिळतो. रेड्डींच्या बाबतीत तोच मुद्दा आहे. मुद्राचित्रकार हेटरच्या पॅरिसमधल्या 'अतेलिए १७' या कार्यशाळेत त्यांनी आणि मुंबईत जन्मलेल्या कायको मोतींनी हे तंत्र उभं केलं ते एका पत्र्यावरून अनेक रंग काढण्यासाठी.

तिरपा_उजेड:
पोलरायझरनं रंग डोळ्याला दिसतो त्याहून गडद येतो, हे सांगायचं राहिलं. काळा तर डांबरासारखा होतो. नंतर कर्व्ह (शाई किती पडणार ते ठरवणारा आलेख) खाली ओढत बसावं लागतं, आणि किती ओढायचा ते मूळ चित्र शेजारी असल्याशिवाय ठरत नाही.
सावलीचा धोका मान्य, पण तो टक्केवारीचा प्रश्न आहे. खरी चूक वेगळीच होते: एका चित्रावर दिवा डावीकडून, दुसऱ्यावर उजवीकडून. मग पान उलटताच उंचवटे खड्डे दिसू लागतात. सगळ्या चित्रांना दिवा वर-डावीकडूनच हवा.

फर्मा_सोळापानी:
दोघंही कॅमेऱ्यात अडकलात. घोळ प्रेसवर होतो.
१७५ लाइनच्या स्क्रीनमध्ये (इंचाला ठिपक्यांच्या १७५ ओळी) एक घर ०.१४५ मिमीचं. मूळ रेष ०.२ मिमी असेल आणि चित्र ६० टक्क्यांवर आणलंत, तर ती ०.१२ मिमी होते, म्हणजे एका घराहून बारीक. ती तुटणारच, आणि रेषांची जाळी दाट असेल तर वर मुआरे (नको असलेली लाटांची नक्षी) पडतो. इंकजेट प्रूफवर यातलं काही दिसत नाही, कारण त्याला ही स्क्रीनच नसते. म्हणून त्याच कागदावर, त्याच स्क्रीननं ओलं प्रूफ (प्रेसवर खऱ्या शाईनं काढलेली चाचणी प्रत) काढा. निदान सर्वांत दाट रेषांच्या दोन चित्रांचं तरी.
उपाय म्हणजे २० मायक्रॉनची एफएम स्क्रीन (ओळींऐवजी एकाच मापाचे बारीक ठिपके विखरून टाकणारी). पण तिचा डॉट जास्त फुगतो, तिला वेगळा कर्व्ह लागतो आणि सपाट फिकट भाग रवाळ दिसतात. आणि प्रत्येक चित्रासोबत एक तुकडा मूळ मापात द्या. संपूर्ण चित्राखाली किती टक्क्यांवर आणलंय ते छापा. एवढं केलंत तर उठावाचा अर्धा वाद मिटतो.

शाईगडद:
तुकड्याची सूचना पटली, वाद मिटतो हे नाही. छपाईच्या नेहमीच्या चार रंगांत रेड्डींचे नारिंगी आणि निळे-जांभळे मळतात. सोबत नारिंगी, हिरवी, जांभळी अशी सात शायांची छपाई हवी. चित्रकार जोसेफ आल्बर्सच्या सपाट चौकोनांना हव्या त्या रंगाची शाई घोटून सिल्कस्क्रीन करता येते. इथे रंग ठिपक्या-ठिपक्यांनी बदलतो, तो मार्ग बंद.

कोरा_कागद:
सात शाया कशावर? मॅपलिथोवर (लेप नसलेल्या कागदावर) ओतल्या तर शाई आत मुरते, काळा राखाडी होतो. मॅट आर्ट पेपर घ्या, १५० ते १७० जीएसएम, पण ऑप्टिकल ब्राइटनर (कागद जास्त पांढरा भासवणारं रसायन) नसलेला. ब्राइटनरचा निळसर पांढरा मूळच्या कोमट कागदाशी भांडतो.
मूळ कागदाचा रंग छापूच नये, चित्र समास कापून द्यावं, या मताची मी आहे. दोन-तीन टक्के पिवळ्याचा ठिपका प्लेटवर धड टिकत नाही, आणि टिकला तर चित्राभोवती मळकट चौकट दिसते.

तिरपा_उजेड:
मग पत्र्याच्या कडेचा दाब, खालची पेन्सिलची सही आणि आवृत्तीचा क्रमांक कुठे जाणार? कागद कापून टाकलात की मुद्राचित्राचं नुसतं चित्र होतं. चौकट दिसली तर दिसू दे, समास तर राहिला.

कोरा_कागद:
समास एका पानावर दाखवा, पुस्तकभर नको.

फर्मा_सोळापानी:
मी समासाच्या बाजूनं. क्रमांक तर लागतोच. या तंत्रात शाईतलं तेल, रुळाचा मऊपणा, खोलीचं तापमान, काहीही हललं तरी रंग सरकतो. एकाच आवृत्तीच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर हिरवा वेगळा निघू शकतो. तेव्हा 'मूळ रंग' म्हणून प्रेसवर भांडण्याआधी कोणत्या क्रमांकाची प्रत समोर आहे ते ठरवा आणि ती प्रतच ५००० केल्विनच्या दिव्याखाली शीटशेजारी ठेवा. प्रत मिळत नसेल, तर फोटो काढतानाच तिच्याशी ताडून सही केलेलं प्रूफ.