मशीनचा आवाज लावला म्हणजे ट्रेनिंग झालं का?

चाकणकर: काल इथे एकाने लिहिलं, "पीपीटीच्या नोट्स मायक्रोसॉफ्टच्या आरोही-मनोहर या मशीनी आवाजांत काढा, स्लाइडला जोडा, ट्रेनरचा खर्च शून्य." डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

अकरा वर्षं कारखान्यात सेफ्टी इंडक्शन, म्हणजे नव्या कामगारांचं सुरक्षेचं ट्रेनिंग, घेतोय. मागच्या पावसाळ्यात आमच्या साहेबांनी कुठल्यातरी फुकट ॲपमधून असाच आवाज काढला. स्लाइड ॲसिड उडाल्यावर काय करायचं त्याची. लिहिलेलं, 'डोळे १५ मि. धुवा'. मशीन म्हणालं, "डोळे पंधरा मि," थांबलं, मग "धुवा". मागच्या बाकावरच्या पोराने शेजाऱ्याला विचारलं, "पंधरा मिली पाण्याने?" अहो, आयवॉशच्या, म्हणजे डोळे धुवायच्या नळाच्या, धारेत पंधरा मिनिटं डोळे उघडे धरून उभं राहायचं असतं! मी तिथे नसतो तर? वर 'जखम'मधला ज 'जिन्या'तला. पोरं फिदीफिदी हसली, पुढच्या चार स्लाइड वाया.

पीपीटीवाला: तो 'एक' मीच. दोष मशीनचा, की 'मि.' लिहिणाऱ्याचा? बोलायचा मजकूर वेगळा लिहावा लागतो. मिनिट अक्षरी लिहा, स्वल्पविराम द्या, लावण्याआधी एकदा ऐका. आणि माणसांचं सांगू? आमचे ट्रेनर चौथ्या बॅचला घसा बसला की "हे तुम्हाला माहितीच आहे" म्हणत सहा स्लाइड गाळायचे. मशीन रात्री दोनलाही तेवढंच सांगतं. टाकीचा नंबर बदलला तर एक वाक्य बदला, फाइल तयार. माणसाने तेच वाक्य नंतर रेकॉर्ड केलं की त्या दिवशीची सर्दीसुद्धा ऐकू येते.

रेकॉर्डिंगवाली: सर्दी काढलीत, मग ऐका. एका क्लायंटने 'नमुना' म्हणून तीन मिनिटं फुकट वाचून घेतलं. नंतर म्हणे मशीनवर भागतंय, फक्त त्याचे उच्चार तपासून द्याल का? 'चाक', 'चटका', 'जाळ', सगळीकडे 'चिमटा' आणि 'जिना'! कान किटले.

वऱ्हाडी पावना: ताई, शुद्ध उच्चार म्हणजे पुण्याचे का? आमच्याकडे डोळ्याले डोया म्हणतात. 'डोये धुवा' म्हणणारं मशीन काढा, मंग बोलू.

रेकॉर्डिंगवाली: पुण्याचा काय संबंध? तुमच्याकडे 'चाक' 'चिमट्या'तल्या चने म्हणतात का?

वऱ्हाडी पावना: नाही म्हणत. पण तुमचा टोन पुणेरीच आहे.

रेकॉर्डिंगवाली: मी मिरजेची आहे!!

वऱ्हाडी पावना: मंग तर माफच करा.

नुसता वाचक: च-ज वर भांडत बसा. बॅचमधली निम्मी पोरं बिहार-ओडिशाची, त्यांना दोन्ही च सारखेच.

चाकणकर: त्यांना मी हातवारे करून शिकवतो. मशीनला हात आहेत?

एम.एड.: जरा अभ्यासाकडे वळू या. शिकण्याचे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी केव्हाच दाखवलंय की स्लाइडवर आहे तेच शब्दशः ऐकवलं तर शिकणं घटतं. माणसाचा आवाज बरा, हेही त्यांचंच. पण २०१७च्या क्रेग-श्रोडर यांच्या प्रयोगात नव्या धाटणीचा मशीनी आवाज माणसाच्या मागे पडला नाही.

चाकणकर: मेयरसाहेबांना आमच्या रात्रपाळीला पाठवा. चहा मी पाजतो.

कानाने वाचणारा: मला दिसत नाही. दिवसभर एनव्हीडीए हा पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीनरीडर ऐकतो, तेही ईस्पीक या मशीनी आवाजाच्या पत्र्यासारख्या सुरात आणि तुम्हाला एक शब्द कळणार नाही इतक्या वेगाने. गोड आवाजावाचून माझं काही अडत नाही. अडतं ते तुमच्या आपोआप सुरू होणाऱ्या आवाजाने. कानात स्क्रीनरीडर एक बोलतोय, स्लाइड दुसरंच, आणि थांबवायचं बटण सापडत नाही. शिवाय मशीन असो की ताई, दोघंही म्हणणार, "आकृतीत दाखवल्याप्रमाणे". कसल्या आकृतीत?

पीपीटीवाला: हे मात्र मान्य. ऑटोप्ले आजच काढतो. आकृतीचं वर्णनही लिहायला हवं, खरंय.

चाकणकर: मी एवढा निबंध लिहिला तेव्हा काही मान्य नव्हतं! असो. रात्रपाळी द्या मशीनला, मला झोप तरी मिळेल. डोळे धुवायची स्लाइड मात्र मीच घेणार, एकेकाला आयवॉशपाशी उभं करून. आणि हो, तुमचं ऐकून 'मि.'चं 'मिनिटं' केलं. आता ते ॲप "पंधरा मिनिटम्" म्हणतंय.

रेकॉर्डिंगवाली: 'मिनिटे' लिहा. बिल पाठवते.