ॲडमिशन आलंय, पण ऑनर्स आणि स्कॉलरशिपचा पत्ता नाही. थांबायचं की विचारायचं?

जर्सीची_आई
नमस्कार मंडळी. लेक इथे अमेरिकेत सीनियर, म्हणजे बारावीत आहे, मार्च अर्धा सरला तरी आमचं घोडं अडलेलंच. तसं बघायला गेलं तर तीन ठिकाणी ॲडमिशन आलंय, रडायचं कारण नाही, पण सगळं अर्धवट. आमच्याच राज्यातल्या युनिव्हर्सिटीत इंजिनियरिंग मिळालं, ऑनर्स (निवडक मुलांचा खास प्रोग्राम) नाही, पैसे नाहीत, पण इन-स्टेट, म्हणजे राज्यातल्यांना फी कमी, म्हणून राहणं-खाणं धरून वर्षाला साधारण ३६ हजार डॉलर. शेजारच्या राज्यातल्या दुसऱ्या एका ठिकाणी १५ हजारांची मेरिट स्कॉलरशिप दिलीये, ऐकायला फार भारी वाटतं, पण मूळ खर्चच ५५ हजार! आणि तिथलं ऑनर्स अजून "अंडर रिव्ह्यू". तिसऱ्या ठिकाणी उलटं, ऑनर्स दिलं, स्कॉलरशिपचं म्हणे नंतर कळवू. नावं लिहीत नाही, लेकीने शपथ घातलीये.

नवरा रोज रात्री जेवण झालं की एक्सेल उघडून बसतो. सासूबाई सांगलीहून दर रविवारी विचारतात, "लिस्ट लागली का गं?" इथे लिस्ट लागत नाही, एखाद्या संध्याकाळी पोर्टलवर झिरमिळ्या उडतात नाहीतर नुसतंच पत्र उघडतं, हे त्यांना कसं सांगू. आणि लेक, ती तर आता "काही आलं का" एवढं विचारलं तरी दार लावून घेते.

तर प्रश्न असा की कॉलेजला मेल टाकून विचारलं तर चालतं का, का ते आगाऊपणाचं दिसतं? आणि पैसे नसलेलं ऑनर्स घ्यावं की ऑनर्स नसलेले पैसे? एक मैत्रीण म्हणाली दोन्हीकडे डिपॉझिट (जागा पक्की करायचे पैसे) भरून ठेव. खरंच करतात का असं लोक?

ऑस्टिनवाला_बाबा
ताई, दोन्हीकडे डिपॉझिट अजिबात नको. शाळा फायनल ट्रान्स्क्रिप्ट एकाच कॉलेजला पाठवते, आणि कॉलेजला कळलं तर ॲडमिशन रद्द करायचा हक्क त्यांना असतो. वेटलिस्टवर नाव ठेवून दुसरीकडे डिपॉझिट भरणं वेगळं, ते चालतं.

मेल जरूर टाका, पण तुम्ही नाही, लेकीने. चार ओळी बास. आमचं २०२४ चं वर्ष होतं, ज्यांना आठवतंय त्यांना आठवतंय. फाफ्साचा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा, नवा फॉर्म ऑक्टोबरऐवजी डिसेंबरच्या अगदी शेवटी उघडला, कॉलेजांकडे माहिती पोचायला मार्च उजाडला, कितीतरी कॉलेजांनी कॉलेज पक्कं करायची १ मेची तारीख पुढे ढकलली. आम्हाला ग्रीन कार्ड नुकतंच मिळालं होतं म्हणून निदान फॉर्म भरता तरी आला, पोरगा एच-फोरवर (आई-बापाच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) असता तर फेडरल मदतीचा विषयच नव्हता.

आमच्याकडे टेक्सासात अजून एक गंमत. १९९७ च्या कायद्याने शाळेतल्या वरच्या दहा टक्क्यांना सरकारी युनिव्हर्सिटीत आपोआप ॲडमिशन, फक्त यूटी ऑस्टिनला गर्दी इतकी की तिथे तेव्हा वरचे सहा टक्केच (२०२६ पासून पाच). म्हणजे पोरगा आत आहे हे आम्हाला आधीच माहीत. तरी फेब्रुवारीपर्यंत जीव टांगणीला, कारण कायदा युनिव्हर्सिटीत घेतो, हव्या त्या मेजरमधे (मुख्य विषयात) नाही! लोक पेढे मागायचे आणि आम्ही म्हणायचो थांबा हो, दाराच्या आत आलोय पण कुठल्या खोलीत बसवतात ते कळू दे.

तुमच्या राज्याबाहेरच्या ठिकाणी एक विचारून बघा, स्कॉलरशिपसोबत इन-स्टेट दर मिळतो का. टेक्सासच्या सरकारी युनिव्हर्सिटीत वर्षाला किमान १००० डॉलरची, सगळ्यांशी स्पर्धा करून मिळालेली स्कॉलरशिप असेल तर बाहेरच्या मुलालाही इन-स्टेट ट्यूशन (शिक्षणाची फी) लावता येतं. मूळ रकमेपेक्षा तो फरकच मोठा असतो. सगळ्या राज्यांत नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

कीस्टोन_काकू
बाबांनी बरोबर सांगितलं. मी जरा कडू बोलते, राग मानू नका.

आमच्या थोरल्याला ऑनर्स आणि स्कॉलरशिप दोन्ही मिळालं होतं. मंडळात सगळ्यांना सांगून झालं, आजोबांनी पुण्यात पेढे वाटले. पत्रातलं खालचं बारीक अक्षर कोणी वाचलं नाही. स्कॉलरशिप टिकवायला ३.५ जीपीए (चारपैकी ग्रेडची सरासरी) लागत होता, पहिल्या वर्षी केमिस्ट्री आणि कॅल्क्युलसने मिळून तो ३.४ वर आणला, आणि जूनमधे एक मेल, की पुढच्या वर्षी रक्कम मिळणार नाही. अपील केलं, एक सेमिस्टर दिलं, पुढे नाही. पोरगा माझ्याशी महिनाभर धड बोलला नाही, त्याला वाटलं आपण बापाचे पैसे बुडवले. कॉलेजचं नाव सांगत नाही, नियम त्यांनी लिहूनच दिला होता, आम्हीच वाचला नाही.

म्हणून ऑफर हातात आली की आधी एवढं बघा: किती जीपीए लागतो, किती सेमिस्टर मिळते, मेजर बदललं तर राहते का. रक्कम चारही वर्षं तीच राहते आणि ट्यूशन दरवर्षी वाढतं, हे एक्सेलमधे धरलंय का तुमच्या मिस्टरांनी? आणि काही ठिकाणी इंजिनियरिंगला तिसऱ्या वर्षापासून ट्यूशनचा दरच वेगळा असतो, पेन स्टेटला आहे तसा. पहिल्या वर्षाच्या आकड्याला चारने गुणून मोकळं होऊ नका.

टॅक्सचंही सांगून ठेवते. स्कॉलरशिपचे पैसे ट्यूशन, फी, पुस्तकांना गेले तर टॅक्स नाही, राहण्या-जेवणाला गेले तर ते मुलाचं उत्पन्न धरतात. आणि ५२९ मधे (मुलांच्या शिक्षणाच्या बचत खात्यात) साठवलंय ते स्कॉलरशिपमुळे वाया जात नाही, स्कॉलरशिपएवढी रक्कम १० टक्के दंड न भरता काढता येते, फक्त वाढलेल्या पैशावर टॅक्स लागतो.

ऑनर्सचं म्हणाल तर आमच्या धाकटीला त्याचा खरा फायदा एकच झाला, कोर्सची नोंदणी इतरांच्या आधी करता येते. मोठ्या युनिव्हर्सिटीत ही फार मोठी गोष्ट आहे, नाहीतर हवा तो क्लास मिळता मिळत नाही. बदल्यात शेवटी थीसिस लिहावा लागतो, पेन स्टेटच्या श्रायर ऑनर्स कॉलेजसारख्या ठिकाणी तो सक्तीचाच आहे. आणि आत्ता नाही मिळालं म्हणून दार बंद झालं असं नाही, कितीतरी ठिकाणी पहिलं वर्ष झाल्यावर आतल्या मुलांना परत अर्ज करता येतो.

अण्णा_शिकागो
ऑनर्स म्हणजे त्याच दुकानातला तोच माल, वेगळ्या पिशवीत. नोकरी देणारा विचारत नाही. ३६ हजारवालं घ्या आणि झोपा.

कीस्टोन_काकू
अण्णा, तुमची मुलं १५ वर्षांपूर्वी शिकली हो. 😄

सोफोमोर_आहे_मी
मी इथे आईच्या लॉगिनने वाचतो नेहमी, मराठी टायपिंग चुकलं तर सॉरी. मी आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जर्सीच्या काकू, तुमच्या लेकीच्या बाजूने सांगतो. तुम्ही घरी एकदा विचारता, पण तिला शाळेत दिवसभर तेच ऐकायला लागतं. एमआयटीचा निकाल १४ मार्चला, संध्याकाळी ६:२८ ला (३/१४ म्हणजे गणितातल्या पायचा, ३.१४ चा दिवस, आणि ६.२८ म्हणजे त्याची दुप्पट), सगळ्या वर्गाला पाठ असतं कोणाचं कधी येणार आणि दुसऱ्या दिवशी कोणाचा चेहरा कसा ते पण दिसतं. मी पोर्टल शाळेच्या बाथरूममधे उघडायचो. माझ्या बाबांनी शेवटी एक केलं, म्हणाले आम्ही फक्त रविवारी जेवताना विचारणार, बाकी दिवस तू सांगितलंस तर ऐकणार. त्यानंतर मीच बुधवारी सांगायला लागलो.

आणि प्लीज पैशाचं तिला नीट आकड्यांत सांगा. आमच्याकडे "तू काळजी करू नकोस" एवढंच म्हणायचे, त्याने मला जास्त काळजी वाटायची.

जर्सीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीने मेल टाकला, तीन ओळींचा, मी स्वल्पविरामसुद्धा बदलला नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की ऑनर्सचं महिनाअखेर कळेल. स्कॉलरशिपवाल्यांचं अजून काही नाही.

काल तिला एक्सेल दाखवलं. दुसरं ठिकाण स्कॉलरशिप वजा करूनही वर्षाला ४ हजारांनी जास्त, चार वर्षांचे १६, आणि दरवाढ धरली की त्याहून वर. ती बराच वेळ बघत बसली, मग म्हणाली, "म्हणजे ऑनर्स नाही आलं तर घरच्या युनिव्हर्सिटीत, आलं तर मला विचार करायला एक आठवडा हवा." इतकी सरळ पोरगी आहे हे मीच विसरले होते. जीपीएची अट पण आम्ही दोघींनी वाचली, तिकडे ३.२ आहे, काकू तुमच्यामुळे.

सासूबाईंना सांगितलंय की १ मेपर्यंत सगळं ठरतं. त्या म्हणाल्या, "महाराष्ट्र दिनाला? मग हलवायाकडे गर्दी असेल, आधीच ऑर्डर देऊन ठेवते." कशाचे पेढे ते अजून कोणालाच माहीत नाही.