विषय: पुढचा सिनेमा – 'अर्थ'?

प्रेषक: चित्रपट समिती

नमस्कार मंडळी,
पुढच्या खेळासाठी महेश भट्ट यांचा 'अर्थ' (१९८२) सुचवला गेला आहे. कुणाची हरकत?

उत्तर १

आहे! सहकुटुंब यायचं आणि दुसऱ्याचा संसार मोडताना बघायचा? नवरा बाहेरख्याली, बायको रडतेय, हे शंभरदा बघून झालंय. काहीतरी हलकंफुलकं लावा.

उत्तर २

काका, रडणं आहे, पण 'अर्थ' रडका नाही. नवरा इंदर परत येतो तेव्हा पूजा (शबाना आझमी) त्याला एवढंच विचारते: हेच मी केलं असतं, तर मला परत घेतलं असतंस? तो 'नाही' म्हणतो. अख्ख्या सिनेमात पहिल्यांदा खरं बोलतो बिचारा!

पण मला विचाराल तर जोडीला 'अस्तित्व' (२०००) हवाच. पूजाचा प्रश्न जर-तरचा होता. महेश मांजरेकरांनी तो प्रत्यक्ष घडवला. अदितीच्या (तब्बू) जुन्या संगीतशिक्षकाचं मृत्युपत्र येतं, सगळं तिच्या नावे. आणि तिचा नवरा श्रीकांत जुन्या डायऱ्या काढून तारखा ताडून बघतो, मुलगा नक्की कुणाचा म्हणून. सचिन खेडेकरांचा तो थंडपणा मला मूळ प्रकरणापेक्षा जास्त अंगावर येतो. त्याचे स्वतःचे बाहेरचे उद्योग झालेलेच असतात, पण ते त्याच्या लेखी खर्चातच धरलेले नाहीत. आपल्याकडचा कायदाही सप्टेंबर २०१८ पर्यंत असाच होता की. व्यभिचाराच्या कलम ४९७ खाली नवरा बायकोच्या प्रियकरावर खटला भरू शकायचा; बायकोला मात्र ना नवऱ्यावर भरता यायचा, ना त्याच्या 'तिच्या'वर. सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं तेव्हा कुठे सुटलो.

उत्तर ३

ताई, 'उंबरठा' कसा विसरलात? तोही १९८२चाच. त्याच वर्षी स्मिता पाटील 'अर्थ'मध्ये 'दुसरी बाई' (कविता) आणि जब्बार पटेलांच्या सिनेमात घरी परतलेली बायको (सुलभा). 'अर्थ'मधल्या कवितावर राग धरावा तर ती स्वतःच भीतीने पोखरलेली, आणि इथली सुलभा शांत. महिला सुधारगृहाची नोकरी सोडून येते, तर नवरा (गिरीश कर्नाड) सभ्यपणे सांगून टाकतो की आयुष्यात दुसरी कुणीतरी आहे. चोरी नाही, आरडाओरडा नाही. सांगितलं म्हणजे आपण सुटलो, आणि बायकोनेही आता सामावून घ्यावं, असा त्याचा समज. मला इंदरपेक्षा हा वकीलसाहेब जास्त धोकादायक वाटतो. इंदरला शिव्या तरी घालता येतात.

उत्तर ४ (पुन्हा मीच, हरकतवाला)

'उंबरठा' चालेल. हृदयनाथांची गाणी आहेत. पण सिनेमानंतर चर्चासत्र ठेवलंत तर मी आणि सौ. वेगवेगळ्या रांगेत बसू.

प्रेषक: चित्रपट समिती

'उंबरठा' ठरला. 'अस्तित्व' त्याच्या पुढच्या खेळाला. काका, चर्चा ठेवतोय. काकूंनी स्वतंत्र ईमेल करून पुढची रांग मागून घेतली आहे.