पत्रकारिता शिकलेल्यांनी पुढे नेमकं काय केलं? बहिणीसाठी विचारतोय

बोरीकाठ (पारोळा)

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण यंदा मराठी घेऊन बी.ए. झाली. घरात सगळ्यांचं एकच, बी.एड. कर. तिचं म्हणणं, जळगावला बांभोरीच्या विद्यापीठात जनसंचार आणि पत्रकारितेचं एम.ए. करायचं. आमची आठ एकर कपाशी आहे, तिच्या शिक्षणाला पैसा लावायला मी मागे हटणार नाही. पण आमच्या घराला या क्षेत्रातला माणूस एकच माहीत आहे, दर दिवाळीला जाहिरात मागायला येणारा वार्ताहर. एरवी तो किराणा दुकान चालवतो. मेहनती आणि चांगला माणूस आहे, पण आई त्याच्याकडे बघून मला विचारते, "एवढं शिकून आपली पोर हेच करेल का?" माझ्याकडे उत्तर नाही.

कोर्स चांगला की वाईट, असं मत नकोय. हे शिकलेल्या माणसांनी प्रत्यक्षात काय मिळवलं, कुठवर गेले, आपल्या खानदेशातल्या पोरापोरींना यातून काय साधता आलं, ते ठोस सांगा. टीव्हीवरचे अँकर सोडून सांगा, ते आईलाही माहीत आहेत.

बहीण लिहिते चांगलं. मागच्या वर्षी गावच्या पाण्याच्या टाकीवर तिचं पत्र पेपरात छापून आलं, तर दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक घरी आले होते.

जुनं धुळं

भाऊ, मी सरकारी बाजू सांगतो, कारण आपल्याकडे घरच्यांना तीच आधी ऐकायची असते.

राज्य सरकारचं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे. 'लोकराज्य' मासिक काढतं तेच. प्रत्येक जिल्ह्याला त्यांचं जिल्हा माहिती कार्यालय असतं. तिथली अधिकाऱ्यांची पदं एमपीएससीमार्फत भरतात आणि त्याला पत्रकारितेची पदवी किंवा पदविका लागते. म्हणजे इथे बी.एड. चालत नाही, हीच डिग्री लागते. पालकमंत्र्यांचा दौरा, पूर आला तर खरी माहिती वेळेत बाहेर देणं, योजनांच्या यशकथा, हे सगळं तिथून चालतं. केंद्रात भारतीय माहिती सेवा आहे. तिच्या गट अ ला यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून जाता येतं. शिवाय जनसंचार व पत्रकारिता हा नेटचा, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षेचा, विषय आहे, त्यावर प्राध्यापकीचा रस्ता उघडतो.

जागा थोड्या असतात आणि जाहिरात कधी निघेल याचा भरवसा नसतो. तेवढं धरून चाला.

नाना_अमळनेरकर

मी तालुक्याच्या गावी साप्ताहिक चालवतो. कोर्स केलेला नाही, आणि कोर्सने पत्रकार घडतो हे मला पटत नाही.

आमच्या अमळनेरात साने गुरुजींनी वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढलं. पुढे इथूनच 'काँग्रेस' साप्ताहिक चालवलं आणि १९४८ च्या १५ ऑगस्टला मुंबईत 'साधना' सुरू केलं. ते कोणत्या पत्रकारिता विभागात शिकले? पी. साईनाथ जेएनयूत इतिहास शिकले. दुष्काळी जिल्हे पायाखाली घातले, २००७ मध्ये मॅगसेसे मिळाला, २०१४ मध्ये ग्रामीण भारताच्या बातम्यांचं 'परी' हे संकेतस्थळ उभं केलं. माणूस गावात फिरला पाहिजे, त्याला सातबारा वाचता आला पाहिजे. माझ्याकडे डिग्री घेऊन आलेल्या एका मुलाला फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद, काय ते ठाऊक नव्हतं. बातमी जमिनीच्या वादाची होती.

मुलीला तालुक्याच्या कुठल्याही पेपरात वर्षभर काम करू द्या. आवड खरी असेल तर कळेल. पैसेही वाचतील.

अनेरकाठची (शिरपूर)

दादा, तुमच्या आईचा प्रश्न माझ्या आईनेही विचारला होता, म्हणून सविस्तर लिहिते. मी याच विषयात एम.ए. केलं. एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत बरीच वर्षं उपसंपादक होते. आता धडगाव भागात आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेत संवादाचं काम बघते.

आधी मोठी नावं, घरी सांगायला ती लागतात. दानिश सिद्दिकी दिल्लीच्या जामिया मिलियात जनसंचार शिकला. टीव्हीत बातमीदार होता, ते सोडून कॅमेरा हातात घेतला. रोहिंग्या निर्वासितांच्या फोटोंसाठी रॉयटर्स वृत्तसंस्थेच्या चमूला २०१८ चं पुलित्झर, म्हणजे पत्रकारितेतला मानाचा अमेरिकी पुरस्कार, मिळालं, त्यात तो होता. जुलै २०२१ मध्ये अफगाणिस्तानात काम करताना मारला गेला. कोरोनाकाळातल्या भारताच्या फोटोंसाठी २०२२ चं पुलित्झर त्याला मरणोत्तर मिळालं. त्याच पुरस्कारात सना इर्शाद मट्टू आहे. ती काश्मीरच्या केंद्रीय विद्यापीठात पत्रकारिता शिकली. हे मुद्दाम सांगते, कारण दिल्ली-मुंबईच्या बड्या संस्थेतूनच माणूस पुढे जातो असा आपल्याकडे समज आहे. आणि नागराज मंजुळे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा माणूस, पुण्यात मराठीत एम.ए. केलं, मग नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात कम्युनिकेशन स्टडीज शिकला. त्याच्या 'पिस्तुल्या' या पहिल्या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'सैराट' त्यानंतरचा. तुमच्या बहिणीसारखाच, आधी मराठी आणि मग हे.

पण या तिघांची नावं घेऊन कोणी प्रवेश घेऊ नये. माझ्या वर्गातले लोक कुठे आहेत, ते जास्त उपयोगाचं.

एक मैत्रीण आकाशवाणीच्या जळगाव केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक आहे. आवाजाची चाचणी देऊन लागली. कायम नोकरी नाही, महिन्याला ड्युट्या ठरतात. पण अहिराणी कार्यक्रमात ती "कपाशीले काय भाव भेटना, दाजी?" (कपाशीला काय भाव मिळाला) असं विचारते तेव्हा समोरचा शेतकरी मोकळा होतो आणि व्यापाऱ्यापासून वजनकाट्यापर्यंत सगळं बोलतो. तोच माणूस शुद्ध मराठीत विचारलं तर "ठीक आहे" म्हणून थांबतो. एक जण मोठ्या रुग्णालयात जनसंपर्क बघतो. एक जण शेतीच्या दैनिकात आहे. दोघं पुण्याला जाहिरात कंपन्यांत गेले, पैशाने आम्हा सगळ्यांच्या पुढे आहेत. काहींनी क्षेत्रच सोडलं, त्यातल्या एकीने बी.एड. केलं आणि ती सुखात आहे.

ज्याच्याबद्दल मला सर्वांत अभिमान वाटतो तो रावेरकडचा. केळीला हवामानावर आधारित फळपीक विमा असतो. तापमानाने झालेलं नुकसान शेतात येऊन मोजत नाहीत. महसूल मंडळात बसवलेल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर ठरलेल्या पातळीपेक्षा जास्त किंवा कमी तापमान सलग काही दिवस नोंदलं गेलं, तर भरपाई. एका उन्हाळ्यात शेजारच्या मंडळाला पैसे मिळाले आणि याच्या मंडळाला नाही, केळी मात्र दोन्हीकडे होरपळलेली. सगळ्यांनी 'शेतकऱ्यांमध्ये संताप' अशी बातमी केली. याने माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकला आणि केंद्राच्या रोजच्या नोंदी मागवल्या. त्या कागदात काही दिवसांचे रकाने कोरेच होते. यंत्र बंद होतं. ते रकाने त्याने तारखेनिशी छापले, बाजूला शेजारच्या मंडळाचे आकडे. प्रकरण पुन्हा तालुका समितीपुढे आलं. त्याच्या बातमीत एकही विशेषण नव्हतं.

पत्रकारितेतलं कर्तृत्व मी यावर मोजते. बातमीने काय हललं? कोणाचा कागद पुढे सरकला? पुरस्कार मिळाला तर आनंदच आहे, पण आपल्या तीन जिल्ह्यांत असं काम करणारे लोक आहेत आणि त्यांचा सत्कार कधी होत नाही.

नाना, साने गुरुजींबद्दल तुमचं मान्य. फेरफार माहीत नसलेला मुलगा बघून तुम्हाला राग आला तेही समजू शकते. पण शिकल्याने काय फरक पडतो ते डेस्कवर मी रोज बघितलंय. ग्रामीण भागातून अत्याचाराची बातमी यायची. मुलीचं नाव नसायचं, ते सर्वांना माहीत असतं. पण गावाचं नाव, इयत्ता, वडिलांचा धंदा, सगळं असायचं. दोन हजार वस्तीच्या गावात सातवीतली, शिंप्याची मुलगी म्हटलं की संपलं, ती कोण हे प्रत्येकाला कळतं. लैंगिक अत्याचारापासून मुलांना संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याचं २३ वं कलम नुसतं नाव छापू नका म्हणत नाही. पत्ता, कुटुंब, शाळा, परिसर, ओळख पटेल असं काहीही छापायला त्यात मनाई आहे. आम्हाला हे वर्गात कात्रणं समोर ठेवून शिकवलं. कोणती ओळ काढली की मुलगी सुरक्षित राहते आणि बातमीही राहते, याचा सराव करून घेतला. डाक आवृत्ती लवकर सुटते, दूरच्या तालुक्यांची पानं आधी जातात, त्या घाईत असं एखादं वाक्य डोळ्यांतून सुटलं तर एका पोरीचं गावात राहणं अवघड होतं. नुसतं फिरून हे येत नाही. कोणाला तरी आधी चटका बसल्यावर येतं, आणि तो चटका त्या मुलीला बसलेला असतो.

आता माझं काम. सातपुड्यातल्या पाड्यांवर गरोदरपणाच्या तपासणीचे मराठीत छापलेले तक्ते लावलेले असतात. तिथली बाई घरात पावरी बोलते आणि अनेकींना वाचता येत नाही. आम्ही आशाताईंच्या आवाजात पावरीत छोटे निरोप रेकॉर्ड केले. मग धडगावच्या बाजारात ते बायकांना ऐकवले आणि विचारलं, काय कळलं, सांगा बरं. पहिल्या निरोपात आम्ही गोळ्यांबद्दल बोललो होतो. बायकांना कळलं, गोळ्या बाळ मोठं करतात, आणि मोठं बाळ म्हणजे अवघड बाळंतपण, म्हणून गोळ्या नकोत. निरोप बदलला. हे तपासून बघणं आम्हाला 'संवाद संशोधन' या पेपरात शिकवलं होतं, तेव्हा तो सगळ्यांना कोरडा विषय वाटायचा.

पैशाचं सरळ सांगते. सुरुवातीला कमी मिळतात. काही ठिकाणी तालुका वार्ताहराला मानधनापेक्षा जाहिरातीच्या कमिशनवर जगावं लागतं, तुमच्याकडे दिवाळीला येणारे दादा त्यातलेच असणार. जाहिरात ज्याच्याकडून घ्यायची त्याच्याविरुद्ध लिहायचं कसं, ही त्यांची रोजची ओढाताण असते. त्यांच्याकडे बघून आईंनी या शिक्षणाची किंमत करू नये, पण ही परिस्थिती बहिणीला माहीत असू द्या. डेस्कवर रात्रपाळी असते, घरी सोडायला गाडी आहे का ते मुलाखतीतच विचारायचं.

पर्यायही बघा. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे. भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र अमरावतीला आहे आणि तिथे मराठी पत्रकारिता शिकवतात. पण बांभोरीला शिकण्याचा एक फायदा आहे. प्रात्यक्षिकाच्या बातम्या ती आपल्याच भागातल्या करेल, आणि इथली बाजार समिती, इथले अधिकारी, इथली भाषा तिला शिकतानाच उलगडेल.

नाना_अमळनेरकर

ताई, पॉक्सोचं तुम्ही लिहिलंत ते मी माझ्या तिन्ही वार्ताहरांना आज वाचून दाखवलं. कोर्सबद्दल माझं मत पूर्ण बदललेलं नाही, सातबारा वर्गातही शिकवला पाहिजे. त्या विद्यापीठातले कोणी वाचत असतील तर तलाठ्याला एक दिवस वर्गात बोलवा. पारोळ्याच्या बहिणीला सुट्टीत माझ्याकडे यायचं असेल तर स्वागत आहे. जाहिरात मागायला पाठवणार नाही.

बोरीकाठ (पारोळा)

सगळ्यांचे मनापासून आभार. अनेरकाठच्या ताईंचं उत्तर आईला मोठ्याने वाचून दाखवलं. केळीच्या विम्याचं तिला लगेच पटलं, कारण आमच्याकडेही पंचनाम्याचे हेलपाटे झालेत. ती अजून पूर्ण हो म्हणालेली नाही, पण "जळगावला जाऊन विभाग तर बघून या" म्हणाली. आम्ही जाणार आहोत. बहीण शेजारी बसली आहे, विचारते, प्रवेशाआधी घरी बसून काय तयारी करू?

अनेरकाठची (शिरपूर)

ताई, घरी बसू नकोस. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला जा. त्याआधी ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि झालेला खर्च काढ. त्यातलं कोणतंही एकच काम निवड, रस्ता, गटार, अंगणवाडीची दुरुस्ती, काहीही. ते जागेवर जाऊन बघ. फोटो काढ, त्यावर तारीख हवी. तिथे राहणाऱ्या चार जणांशी अहिराणीत बोल आणि ते बोलतात तसंच वहीत उतरव, मराठीत नंतर करता येतं. ग्रामसभेत त्या कामाबद्दल एक प्रश्न उभं राहून विचार आणि उत्तर कोणी दिलं ते पदासकट लिही. मग तीनशे शब्दांत बातमी कर. 'संताप', 'खळबळ', 'नाराजी' हे तीन शब्द वापरायचे नाहीत.

सरपंच आणि ग्रामसेवक दोघांचं म्हणणं घ्यायचंच. बोलले नाहीत तर 'प्रतिक्रिया मिळू शकली नाही' एवढ्यावर सोडू नकोस, किती वाजता फोन केला ते लिही. झालं की मला व्यक्तिगत संदेशात पाठव, इथे उघड टाकू नकोस. मी डेस्कवर करायचे तसं लाल पेनने बघून परत देते.