भावाच्या नवऱ्याला मराठीत काय म्हणायचं?

मूळ प्रश्न

गेंगोरो तागामे यांची 'ओतोतो नो ओत्तो' ही जपानी मांगा, म्हणजे चित्रकथा, पुन्हा वाचून काढली. २०१४ ते २०१७ या काळात ती मासिकातून क्रमशः आली आणि चारच खंडांत संपली. नावाचा अर्थ सरळ आहे, धाकट्या भावाचा नवरा. याइची हा घटस्फोटित बाप आणि काना ही त्याची शाळकरी लेक, असं दोघांचं घर. याइचीचा जुळा भाऊ र्‍योजी कॅनडात गेला, तिथे माइकशी लग्न केलं आणि पुढे वारला. हा धिप्पाड, दाढीवाला माइक एक दिवस दारात येऊन उभा राहतो. याइचीचा चेहरा हुबेहूब र्‍योजीचा, त्यामुळे त्याला पाहून माइकला भरून येतं. याइची मात्र आक्रसतो. पुरुषांची लग्नं होतात का, असं काना डोळे विस्फारून विचारते आणि नवा नातेवाईक मिळाला म्हणून हरखते. त्याला घरी ठेवून घ्यायचा हट्टही तिचाच.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे भावाची बायको वहिनी किंवा भावजय, नवऱ्याच्या भावाची बायको जाऊ, बायकोच्या बहिणीचा नवरा साडू. इतकी बारीक विभागणी असलेल्या भाषेत भावाच्या नवऱ्याला काय म्हणाल?

प्रतिसाद

माझं मत: मेहुणा. हा शब्द मुळातच दोन नात्यांना पुरतो, बहिणीच्या नवऱ्याला आणि बायकोच्या भावालाही. लग्नामुळे घराशी जोडला गेलेला बरोबरीचा पुरुष, एवढाच त्याचा गाभा. शिवाय जोडप्याला आपण 'मेहुण' म्हणतो, सणासुदीला मेहुण जेवायला बोलावतो, ते याच कुळातलं. संस्कृत 'मिथुन' म्हणजे जोडी. त्यात स्त्रीच हवी ही अट वापराने घातली, शब्दाच्या मुळात ती नाही.

प्रतिसाद

मेहुणा ठीक, पण ते नातं सांगताना. 'हे माझे मेहुणे' असं आपण तिसऱ्या माणसाला सांगतो. 'अहो मेहुणे, चहा घेता का' असं कोणी म्हणत नाही. हाक मारायला भावोजी हवं. नवऱ्याचा भाऊ आणि बहिणीचा नवरा दोघांनाही ते चालतं. त्यात 'भाऊ' आधीच आहे, वर मानाचा 'जी'. भाऊ गेल्यावर त्याचा नवरा दारात आला, तर याहून नेमकी हाक मला सुचत नाही.

एक अडचण आहे. याइची थोरला. धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला आपल्याकडे बहुधा नावापुढे 'राव' लावून बोलावतात. त्या न्यायाने याइची म्हणाला असता, 'या माइकराव, बसा.' आणि जेवणाच्या ताटावर आग्रह केला असता!

प्रतिसाद

जपानी बाजूचं थोडं सांगते. जपानीत भाऊ म्हटला की थोरला की धाकटा हे सांगावंच लागतं, जुळे असले तरी. या दोघांच्या नावांतच एक आणि दोन हे आकडे आहेत. याइचीमधला 'इची' म्हणजे एक, र्‍योजीमधला 'जी' म्हणजे दोन.

नवऱ्यासाठी तिथे अनेक शब्द. 'शुजिन' म्हणजे मालक. आपल्या खेड्यापाड्यांतही बायका 'आमचे मालक' म्हणतात, अगदी तसंच. 'दान्ना' हा दुसरा, आणि तो आपल्या ओळखीचा निघतो. संस्कृत 'दान' बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिथे पोहोचलं. दान देणारा यजमान, मग घरचा धनी, मग नवरा, असा त्याचा प्रवास. शीर्षकात यांतला एकही नाही. 'ओत्तो' आहे, साधा, ज्यात कोणी कोणाचा मालक नाही. म्हणून मराठीतही 'पती' नको, त्यात स्वामी आलाच. 'नवरा' हवा.

प्रतिसाद

कानाचं उत्तर तर सगळ्यांत सोपं. काका! आपण मावशीच्या नवऱ्यालाही काकाच म्हणतो, रक्ताचं नातं नसताना. मग काकाचा नवरा माइककाका. कुठलंही पोर इतक्या सहज म्हणेल की मोठ्यांची चर्चा तिथेच संपेल.

प्रतिसाद

टोरांटोजवळ राहते. कॅनडात २००५ पासून अशी लग्नं कायदेशीर आहेत, त्यामुळे हा प्रश्न आमच्या घरात खराखुरा आला. चुलतभावाचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका मराठीत छापायची होती. एरवी एकीकडे 'चि.' आणि दुसरीकडे 'चि. सौ. कां.' असतं. काकूने दोन्ही नावांआधी 'चि.' लिहून कागद पुढे सरकवला. भावाने तो वाचला आणि बराच वेळ हातात धरून बसला. त्याला स्वतःविषयी घरात बोलायला कित्येक वर्षं लागली होती. मी त्याच्या नवऱ्याला भावोजी म्हणते. त्यांना पंजाबी येतं, मराठी नाही, पण या हाकेला 'ओ' देतात.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. पत्रिकेचा प्रतिसाद वाचून मला कथेतली एक जागा वेगळी दिसली. याइचीच्या मनात काय चाललंय आणि तोंडातून काय बाहेर पडतं, हे तागामे वेगवेगळ्या चौकटींत दाखवतात. मनात तो फटकळ, तोंडावर सभ्य. ओळखीचं कोणी भेटल्यावर माइक कोण हे सांगायची वेळ येते, तेव्हा तो 'भावाचा मित्र' म्हणतो. र्‍योजीने स्वतःविषयी सांगितल्यावर दोघे भाऊ हळूहळू दुरावले होते, ते याच संकोचातून. माइक भांडत नाही. तो घरात वावरतो, कानाशी खेळतो, कोण बायको आणि कोण नवरा या तिच्या प्रश्नाला दोघेही नवरेच असं शांतपणे सांगतो. स्वतःविषयी त्याला कसलीच लाज नाही. म्हणून तर शेजारचा एक शाळकरी मुलगा, ज्याला आपण कोण आहोत हे कोणाला सांगता आलेलं नसतं, मन मोकळं करायला त्याच्याकडे येतो.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा लग्नांना मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे सरकारी कागदावर हे नातं अजून नाही, घरात मात्र आहे. माझ्यापुरतं ठरलं: सांगताना मेहुणे, हाकेला भावोजी, पोरांसाठी काका. 'भावाचा मित्र' मात्र नको. वऱ्हाडात किंवा कोकणात याहून वेगळा शब्द कोणी वापरत असेल तर जरूर लिहा.